महापूर २०१९: अनोळखी माणसाच्या बोटीत पाय ठेवताना

कृष्णाकाठची (धागा)

जुलै संपत आला की आमच्या घरी सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. आयर्विनला किती फूट? कोयनेतून किती सोडलं? लहानपणापासून ऐकत आलेय. २०१९ नंतर मात्र त्या प्रश्नाने पोटात गोळा येतो, आणि त्याबद्दल नीट कुणाशी बोलणं झालेलं नाही. म्हणून हा धागा.

बाहेरगावच्यांसाठी थोडं सांगते. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. २००५ च्या पुरात पाणी ५३ फूट ९ इंचांवर गेलं होतं. गावभागात कित्येकांच्या भिंतीवर त्या पाण्याची खूण होती आणि आमचा सगळा हिशेब त्या खुणेवर चालायचा. 'पाच साली इथवर आलं होतं, त्याच्या हातभर वर सामान ठेवा, झालं.' २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. खुणेवर भरवसा ठेवून थांबलेली घरं अडकली. लोक नंतर टीव्हीवर म्हणाले, सांगूनही हलले नाहीत, हट्टी आहेत. मला ते अजून लागतं. पूर आम्हाला इतका ओळखीचा होता की आम्ही त्याला घाबरायचंच विसरलो होतो.

आम्ही वरच्या मजल्यावर होतो. सासूबाई, मी आणि दीड वर्षाची लेक. नवरा पुण्याला, वीज नाही, फोन बंद, जिना पाण्यात. दुपारी गॅलरीखाली रबरी बोट आली. दोन जवान, त्यांना मराठी येत नव्हतं. सोबत कमरेला दोरी बांधलेला एक स्थानिक माणूस, मी कधीही न पाहिलेला. म्हणाला, "वहिनी, बाळ आधी द्या. मग आजी, मग तुम्ही." बोट धारेत हलत होती. कठड्यावरून खाली वाकून लेकीला त्याच्या हातात सोडायचं होतं. माझ्याच्याने होईना. तो चिडला नाही, घाईही केली नाही. एवढंच म्हणाला, "मी खणभागातला. आमची गल्ली अमुक, दुकान अमुक मशिदीच्या समोर. कुणालाही विचारा." त्या पाण्यात मी कुणाला विचारणार होते? पण पत्ता ऐकला आणि माझे हात सैल झाले. लेक खाली गेली.

वाचवणाऱ्यांच्या धाडसावर खूप लिहिलं गेलं, लिहिलंच पाहिजे. पण ज्याला वाचवायचंय त्यालाही एक पाऊल उचलावं लागतं, घर सोडून, कधी न पाहिलेल्या माणसाच्या भरवशावर. त्या पावलाबद्दल कुणी बोलत नाही. तुमच्यापैकी कुणी पुरात अडकला असाल किंवा कुणाला काढायला गेला असाल तर सांगा: समोरच्याने काय केलं, काय म्हटलं, की पाऊल उचललं गेलं?

---

बावडेकर

ताई, चांगला विषय काढलासा. मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे काढायला जाणाऱ्यांतला. आमच्या तालमीची पोरं. पंचगंगेत पोहून मोठी झालेली, त्यामुळं पाण्याची भीती नाही, पण त्या वेळची पंचगंगा वेगळीच होती. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला ५५ फूट ओलांडून गेली.

पहिल्या दिवशी आमच्याकडं बोट नव्हतीच. गुऱ्हाळाची काहील काढली. बाहेरच्यांना वाचून नवल वाटंल, पण आमच्या भागात पुराला काहील पाण्यात घालायची रीत जुनी आहे. गुळाची मोठी गोल लोखंडी कढई ती. अडचण अशी की ती जागच्या जागी गरागरा फिरती. दोघं-तिघं पाण्यात उतरून कड धरून पोहत ढकलायचं, मग सरळ जाती. संथ पाण्यात ठीक, धारेत अजिबात घालू नये.

आता तुमच्या प्रश्नाचं. आम्ही एका वस्तीवर गेलो. म्हातारी माळवदावर बसलेली, खाली गोठ्यात दोन म्हशी, पाणी त्यांच्या पोटाला लागलेलं. "आज्जी चला." नाही. "आज्जी, पाणी वाढतंय." वाढू दे. नातवाची शपथ घातली, तरी नाही. मग आमच्यातला एक न बोलता गोठ्यात उतरला आणि विळ्यानं दोन्ही दावी कापली. म्हशी पोहतच माळाच्या दिशेनं गेल्या. मोकळं जनावर पोहतं, बांधलेलं मरतं. म्हशी दिसेनाशा होईपर्यंत म्हातारी बघत राहिली, आणि मग आपण होऊन उठली. त्यानंतर आम्ही प्रत्येक घरी आधी गोठा बघितला. दावं कापलं की माणूस हलतं.

---

मनस्विनी_

वाचतेय. बावडेकर, दाव्याचा प्रसंग वाचून थांबले थोडा वेळ.

---

रानवारा

सगळं मनापासून वाचलं. तरीही एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही, कुणी दुखावलं तर आधीच क्षमा मागतो.

८ ऑगस्ट २०१९. ब्रह्मनाळ, तालुका पलूस. त्या बोटीतही लोक विश्वासानेच चढले होते. गावाची बोट, गावातली माणसं. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक बसले, अंगावर जॅकेट नाही. बोट उलटली आणि १७ जण गेले, त्यात बायका आणि लेकरं. मी त्या पट्ट्यातला आहे. आमच्याकडे आजही कुणी 'पुरात माणुसकी दिसली' म्हटलं की माणसं मान खाली घालतात. माणुसकी होती, हे त्यांनाही मान्य आहे. बोट पुरेशी नव्हती.

धाडसाचं कौतुक करताना हे बाजूला राहतं. दोन जिल्ह्यांतून चार लाखांवर माणसं हलवावी लागली. एवढं मोठं काम पोहणाऱ्या पोरांच्या छातीवर टाकायचं, ती यशस्वी झाली की पाठ थोपटायची आणि बुडाली की हळहळायचं, हे मला पटत नाही. काहील ही आमची परंपरा आहे म्हणून अभिमान वाटतो. पण २०१९ साली नदीकाठच्या गावाला काहील काढावी लागली याची लाजही वाटली पाहिजे, आणि ती लाज त्या पोरांची नाही.

---

कृष्णाकाठची

रानवारा, क्षमा कशाला मागता. ब्रह्मनाळ मी मुद्दाम टाळलं नव्हतं, पण लिहिताना हात धजावला नाही हे खरं.

तुमचं म्हणणं मान्य आहे. फक्त एक जोडते. ब्रह्मनाळच्या बोटीत एवढी गर्दी का झाली? पुढची खेप येईल याची कुणालाच खात्री नव्हती. आमच्याकडे जवान जाताना बोटं दाखवून सांगून गेले होते, दोन वाजता परत. ते आले. पुढच्या खेपेला गल्लीतल्या कुणीही धक्काबुक्की केली नाही, म्हाताऱ्यांना आधी पाठवलं. माणूस अनोळखी माणसाला जागा देतो तेव्हा मागून आणखी एक बोट येणार आहे हे त्याला ठाऊक असावं लागतं. म्हणजे तुम्ही म्हणता ती व्यवस्था आणि मी म्हणते तो विश्वास यांना वेगळं काढता येत नाही.

---

पेठनाका

आमच्या घरात पाणी आलं नाही, पण पूर दारात आला, ट्रकच्या रूपाने. शिरोलीपाशी महामार्गावर पंचगंगेचं पाणी चढलं आणि पुणे-बंगळूर रस्ता जवळजवळ आठवडाभर बंद होता. आमच्या बाजूला मैलोन् मैल ट्रक उभे. तमिळनाडूचे, राजस्थानचे, पंजाबचे. पहिल्या दिवशी ड्रायव्हर लोकांनी आपापल्या स्टोव्हवर शिजवून खाल्लं. मग शिधा संपला.

गावाने भाकरी-आमटी सुरू केली. आईच्या लक्षात आलं की दक्षिणेकडचे ड्रायव्हर भाकरी हातात घेतात, हसून मान डोलावतात आणि अर्धीच खातात. तिने दुसऱ्या दिवसापासून मोठ्या पातेल्यात भात लावला. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यातला एक वयस्कर माणूस मग रोज आमच्या चुलीपाशी येऊन बसायचा, लाकडं मोडून द्यायचा, चिंच कोळून द्यायचा. आई मराठीत बोलायची, तो तमिळमध्ये. त्याच्या घरी दोन सुना आहेत आणि धाकटीशी त्याचं पटत नाही इथवर आईला कळलं होतं. कसं कळलं ते तिलाच माहीत.

आणखी एक. आमच्याकडे तेव्हा पेट्रोल नव्हतं, दूध नव्हतं, भाजी महागलेली. गावातही तंगी होतीच. त्यातून काढून दिलेलं होतं ते.

---

उल्हासकाठ

विषय थोडा बाजूचा, पण कोल्हापूरशी जोडलेला. याच पुराच्या काही दिवस आधी, २७ जुलै २०१९ ला, मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पाण्यात अडकली. मी त्या गाडीत होते. हजारावर प्रवासी, त्यात नऊ गरोदर बायका.

मध्यरात्रीनंतर गाडी थांबली. उजाडलं तेव्हा दोन्ही बाजूंना पाणी आणि आपण मधोमध. खाली उतरू नका, गाडीतच सुरक्षित आहात, असा निरोप आला. निरोप पाळणं किती अवघड असतं ते तिथे कळलं, कारण पाणी चढताना दिसत असतं आणि आपण काही न करता बसून राहायचं असतं. आमच्या डब्यातल्या दोन तरुणांनी उतरून पोहत जायचं ठरवलं होतं. दाराशी एक इचलकरंजीच्या मावशी बसल्या होत्या. त्या दारातून उठल्याच नाहीत. "माझ्या अंगावरून जावा," म्हणाल्या. त्या पोरांना त्या ओळखतही नव्हत्या. तासाभराने तीच पोरं त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या डब्यातली चटणी-भाकरी खात होती.

मग पथकं आली, नौदल आलं, आजूबाजूच्या गावांतले लोक आले. बोटींतून सगळ्यांना सुखरूप काढलं. गरोदर बाई आधी, मग लेकुरवाळ्या, ही रांग कुणी आखून दिली नव्हती. डब्याडब्यांत ती आपोआप लागत गेली.

धागाकर्तीचा प्रश्न आहे पाऊल कशाने उचललं गेलं. माझं उत्तर उलटं आहे. कधी कधी कुणीतरी अनोळखी बाई पाऊल उचलू देत नाही, आणि जीव वाचतो.

---

बावडेकर

उल्हासकाठ, त्या मावशी खऱ्या पैलवान.

---

टाकळीकर_फौजी

मी शिरोळ तालुक्यातला, सैन्यातून निवृत्त. २०१९ ला गावातच होतो. नोकरीत असताना दुसऱ्या राज्यांत पुराच्या ड्युट्या केल्या होत्या, या खेपेस आपल्याच मुलखात केली. दोन्ही बाजू पाहिल्या असल्याने थोडं लांबवतो.

जवानांना शिकवलेलं असतं की बुडणाऱ्याच्या हाताच्या टप्प्यात जायचं नाही. घाबरलेला माणूस गळ्याला मिठी मारतो आणि दोघं बुडतात. आधी काठी पुढे करायची, ती पोचली नाही तर दोरी फेकायची, तीही नाही पोचली तर बोट, आणि अंगावर उडी सर्वांत शेवटी. पोहणारी पोरं नेमकं उलटं करतात. जीव ओवाळून टाकतात म्हणूनच. बावडेकर, तुमच्या पोरांबद्दल मला आदर आहे, पण हा क्रम त्यांच्या अंगात मुरवा.

कृष्णाकाठची ताई, तुमच्या त्या माणसाने कमरेला दोरी बांधली होती असं लिहिलंत. आमच्याकडेही सगळे तसंच करतात. वाहत्या पाण्यात हे घातक आहे. दोरी ताणली की धार माणसाला खाली दाबते, आणि ओली गाठ सुटत नाही. बांधायचीच तर झटक्यात सुटेल अशी. त्याला हे ठाऊक नसेल. ठाऊक नसताना तो उतरला.

आता विश्वासाचं. जवान कितीही तयार असला तरी मराठी येत नसेल तर म्हाताऱ्या माणसाला तो गणवेशातला परका वाटतो. आम्ही दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बोटीत गावचा एक माणूस बसवला. शक्यतो शाळेचा शिक्षक, आशाताई, पोस्टमन किंवा दूध संकलनवाला, ज्याचा आवाज दारोदार ओळखीचा आहे. तो लांबूनच हाका मारायचा. बोट दाराला लागेपर्यंत निम्मं काम झालेलं असायचं. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, विहीर कुठे आहे, कुंपणाची तार कुठे बुडाली आहे, हे त्यालाच माहीत. तार रबरी बोट फाडते. पथकाकडे जॅकेट आणि इंजिन, गावाकडे आवाज आणि नकाशा. दोन्ही एका बोटीत बसली की काम होतं. रानवारा, तुमचा मुद्दा मी असा वाचतो.

बोलायची रीतही असते. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. 'घाबरू नका' हे सांगून काही होत नाही. 'हा हात धरा', 'आता बसा', 'काठ धरा'. आणि जॅकेट गॅलरीतच चढवायचं, बोटीत आल्यावर नाही. जॅकेट अंगात आलं की माणसाचा चेहरा बदलतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

पाणी ओसरल्यावर १५ ऑगस्टला राखीपौर्णिमा होती. बायकांनी जवानांना राख्या बांधल्या, तो प्रसंग सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. मला जास्त लक्षात आहे ती त्या आधीची संध्याकाळ. एक तेलुगू बोलणारा पोरगा आमच्या पडवीत झोपला होता, आणि आमची म्हातारी त्याच्या भिजून पांढऱ्या पडलेल्या तळव्यांना खोबरेल चोळत होती.

---

वाशिष्ठीची_लेक

चिपळूणहून. आमचा पूर २२ जुलै २०२१ चा, त्यामुळे धाग्याच्या शीर्षकात बसत नाही, पण एक सांगायचंय.

पाण्यातल्या धाडसाबद्दल वाचलं. आमच्याकडे मला माणसं भेटली ती पाणी गेल्यावर. बाजारपेठेत चिखल, ढोपरभर. दुकानात, देवघरात, फ्रीजच्या आत चिखल. पहिल्या दिवशी आम्ही नुसतं दारात उभे राहून बघत होतो. कुठून सुरुवात करायची तेच सुचेना. मग कुठल्या कुठल्या गावांहून लोक आले, खांद्यावर फावडी, घमेली, खराटे घेऊन. आमच्या घरात शिरलेल्या चौघांपैकी एकानेही 'काय झालं, कसं झालं' विचारलं नाही. "पाणी कुठून मिळेल?" एवढंच, आणि लागले कामाला. दिवसभर कुणाच्या तरी घरातला चिखल उपसायचा याला कुणी शौर्य म्हणत नाही. मी म्हणते.

एक विनंती. नंतर ट्रकभरून जुने कपडे आले. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता हे मी शंभरदा मान्य करते, पण ढीग रस्त्यावर भिजत पडले. आम्हाला हवे होते खराटे, फिनेल, हातमोजे, नवी अंतर्वस्त्रं, पॅड, मेणबत्त्या, आणि कुणाच्या तरी मोबाइलचं चार्जिंग.

---

पेठनाका

कपड्यांबद्दल १०० टक्के सहमत. सांगलीतही तेच झालं. आणि जनावरांच्या चाऱ्याचा विचार फार उशिरा झाला. ज्यांनी ओला-सुका चारा भरलेला ट्रॅक्टर पाठवला, त्यांची नावं शेतकरी अजून काढतात.

---

रानवारा

फौजी काका, तुमचा प्रतिसाद मी आमच्या गावच्या गटावर टाकतोय, परवानगी गृहीत धरतो.

मी चिडून लिहिलं होतं, आणि चीड अजून गेलेली नाही. पण वाशिष्ठीच्या लेकीचं वाचून एक आठवलं. आमच्याकडे पूर ओसरल्यावर पुण्या-मुंबईच्या महापालिकांचे सफाई कामगार सांगलीत आले होते. मेलेली जनावरं उचलणं, कुजलेलं धान्य, तुंबलेली गटारं, ते सगळं त्यांनी केलं. रोगराई पसरली नाही याचं मोठं श्रेय त्यांचं. त्यांना कुणी राखी बांधल्याचं मला आठवत नाही. आमच्या चौकात एका घरातून त्यांना चहा आला तो वेगळ्या कपांतून आला होता, आणि त्यावरून माझं त्या घराशी भांडण झालं. हेही त्याच पुरातलं आहे. धाग्यात त्याची नोंद असावी.

---

कृष्णाकाठची

नोंद असावीच. आणि भांडलात हे बरं केलंत.

---

बावडेकर

२०२१ ला काय बदललं ते सांगतो. त्या जुलैला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फूट ३ इंचांवर गेलं, म्हणजे २०१९ पेक्षाही वर. पण आमच्या वस्तीवर त्या खेपेस कुणाला माळवदावरून काढावं लागलं नाही. मच्छिंद्री, म्हणजे पुलावरच्या खुणेला पाणी लागणं, व्हायच्या आधीच जनावरं माळावरच्या नातेवाइकांच्या गोठ्यात नेऊन बांधली. जनावरं गेली की मागनं माणसं आपसूक गेली. ती म्हातारी सगळ्यात पुढं होती.

काका, दोरीचं वाचून पोरांची बैठक घेतली. दोन प्रश्न आले. फेकायची दोरी कसली घ्यावी? आणि धारेत नेम कसा धरायचा?

---

टाकळीकर_फौजी

पाण्यावर तरंगणारी घ्या, प्लास्टिकची, करंगळीएवढी जाड, वीस मीटरच्या आसपास. सुताची किंवा नायलॉनची बुडते आणि पायात अडकते. टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधा, त्यात तांब्याभर पाणी घाला म्हणजे वाऱ्यावर भरकटत नाही, झाकण घट्ट. कॅन माणसाच्या डोक्यावर नेम धरून फेकायचा नाही, त्याच्या पलीकडे आणि किंचित वरच्या अंगाला. धार तो त्याच्या हाताशी आणून देते. फेकण्याआधी जोरात हाक मारायची, त्याने बघितलं की मगच सोडायचं. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही. त्याने धरली की ओढत बसू नका, तुम्ही काठाने खालच्या अंगाला चालत जा, तो आपोआप काठाला लागतो.

आणि हे सगळं मे महिन्यात, संथ पाण्यात करून बघा. पोरांबरोबर शाळेच्या शिक्षकांना आणि आशाताईंनाही बोलवा.